शिंगातला घोट

तेतू,
१४ फेब्रुवारी १९९९

वारिगियाताई,

तू माटाटू गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या मिळाल्या. परत पाठवते आहे. मला प्रेशर नाही. हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि आईच्या मातीच्या दिवशी मी खड्ड्याच्या काठावर कोसळले तेव्हा ज्यांना ज्यांना माझ्या तोंडाचा वास आला, त्या सगळ्यांना माहीत आहे. "प्रेशर आहे हो तिला," असं तू त्या दिवशी सांगत फिरलीस. तेव्हा तुझे फार उपकार वाटले होते. आता त्या शब्दाची चीड येते.

जानेवारीत हेडमास्तरांनी मला वर्गातून बाहेर बोलावलं. फळ्यावर मी एकच गणित दोनदा लिहिलं होतं आणि त्याची दोन वेगळी उत्तरं काढली होती. मुलांनी दोन्ही उतरवून घेतली. हेडमास्तर म्हणाले, "न्याविरा टीचर, सत्र संपायच्या आत काहीतरी करा. नाहीतर मला वर कळवावं लागेल."

काहीतरी म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही. पास्टरकडे गेले, तर म्हणाले रविवारी सगळ्यांपुढे उभी राहा, तुझ्यातलं भूत काढू. दवाखान्यात गेले, तर झोपेच्या गोळ्या दिल्या. शेवटी तिथल्याच एका नर्सने जिन्यात गाठून हळूच सांगितलं की न्येरीला चर्चच्या मागे एक खोली आहे, दर गुरुवारी संध्याकाळी तिथे पिणारे लोक जमतात, न पिण्यासाठी.

आता ती खोली शोधायची कशी? 'दारुडे कुठे बसतात' असं चर्चच्या आवारात कुणाला विचारणार? मी माळ्याला विचारलं, "ती गुरुवारची मीटिंग कुठे असते हो?" त्याने बोट दाखवलं, मी जाऊन बसले. एक जण उठून म्हणाला, "यंदा माझं सगळं उडून गेलं, रिकामं घर राहिलं." मला भरून आलं. दुसरा म्हणाला, "भावाने ऐकलं नाही, धूर जास्त केला, सगळ्या मेल्या." मी डोळे पुसत विचार करते आहे, किती बायका होत्या याला! ताई, ते मधमाश्या पाळणाऱ्यांचं मंडळ होतं. हसू नकोस. मी त्यांचा चहासुद्धा प्यायले.

खरी खोली त्याच्या पलीकडे होती. दारात टाय लावलेला एक माणूस म्हणाला, "कुणाला न्यायला आलात बाई? नवऱ्याला?" मी म्हटलं, नवरा वारला. "मग चहाचं सामान मागे आहे, या." म्हणजे बाई आली ती एकतर न्यायला, नाहीतर चहा करायला! डोकं फिरलं माझं. म्हटलं, "मी चहा करायला आले नाही. मी पिते. तुमच्याइतकीच पिते, थोडी जास्तच पीत असेन." तेव्हा तो बाजूला झाला. आत सगळे पुरुष. मी बसले. पुढच्या गुरुवारीही गेले. जाणार आहे.

न्याविरा


नाकुरू,
२५ फेब्रुवारी

न्याविरा,

तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. तूही माझं घाल.

तू काय करते आहेस हे तुला कळतं का? पुरुष पितो तेव्हा लोक हसतात, त्याला हाताला धरून घरी पोचवतात. बाई पिते तेव्हा कुणी हसत नाही. त्या घरची मुलगी करावी की नाही, याचा विचार करतात. आणि तुझ्या घरची मुलगी करायला एप्रिलमध्ये माणसं येणार आहेत. मुतुगी मुलगा चांगला आहे, पण त्याच्या घरचे साधे नाहीत. त्यांनी चौकशी केली तेव्हा मीच सांगितलं, आमची न्याविरा म्हणजे शाळा आणि घर, तिसरं काही नाही. जरा प्रेशर आहे, इतकंच.

त्या खोलीत कोण कोण येतं? आपल्या डोंगराकडचं कुणी आहे का? मला नावं कळव. एकानं जरी तोंड उघडलं तर वाइथेराचं लग्न राहील बाजूला.

आणि शिंगाचा विचार केलास का? वाइथेराचे वडील असते तर बोलणीत मुलीने त्यांना दारूने भरलेलं शिंग दिलं असतं. ते नाहीत. बोलणी तुझे दीर न्दिरांगु करतील, पण शिंग येणार तुझ्या हातात. आईने घोट घेतला नाही म्हणजे तिने मुलगी दिली नाही, हे मी तुला शिकवायला नको. नुसते ओठ टेकव. मुरातिना म्हणजे काय, मधाचीच दारू तर असते, आपल्या पणजीपासून सगळ्यांनी घेतली. ओठ टेकवायचे आणि पुसून टाकायचे. एवढंही जमत नाही का तुला?

तुझी ताई


तेतू,
७ मार्च

ताई,

नाही जमत. हेच तर जमत नाही. ते जमलं असतं तर मी कशाला चर्चच्या मागे खोल्या शोधत फिरले असते?

नाताळात तू अर्धा पेला पितेस आणि उरलेला मोरीत ओततेस. मी ते बघत राहते. तुला कसं ओतवतं, हे मला आजवर कळलेलं नाही. मागच्या वर्षी वाइथेरा नैरोबीहून आली तेव्हा ती आल्याच्या आनंदात मी असाच एक घोट घेतला. भानावर आले तेव्हा ती परत गेलेली होती. माझी ओकारी पुसून, भांडी घासून, कोंबड्यांना दाणे घालून गेली होती. त्यावर आम्ही दोघी अजून एक अक्षर बोललेलो नाही. हा तुझा एक घोट.

नावं कळवणार नाही. आणि मलाच माहीत नाहीत. आपल्याकडे माणूस भेटला की आधी कुणाची, कुठल्या डोंगराची, कुठल्या कुळाची. तिथे काही विचारत नाहीत. मी उठून म्हणते, "मी न्याविरा, मी दारुडी," आणि ते सगळे एका आवाजात म्हणतात, "ये, न्याविरा." पहिल्यांदा तो शब्द मी खाली बघून उच्चारला. मग वाटलं, इतकी वर्षं हा शब्द टाळायला किती राबलो आपण, तू आणि मी.

तिथे एक म्हातारे आहेत, त्यांना सगळे आजोबा म्हणतात. त्यांना मी शिंगाचं विचारलं. म्हणाले, "पोरी, माझ्या तीन मुलींची बोलणी झाली. तिन्ही वेळा मी ओठच टेकवले होते." मी म्हटलं, "मग?" तर म्हणाले, "चौथीनं मला बोलावलंच नाही."

मी बोलणीला बसेन. शिंग आलं की सांगेन, मी घेत नाही, आणि का घेत नाही तेही सांगेन. मुतुगीच्या आजोबांना पटलं तर पटलं.

न्याविरा


नाकुरू,
१९ मार्च

न्याविरा,

तू तिथे तसं सांगितलंस तर मी उठून निघून जाईन. मला खोटी पाडून तू खरी होणार, असं आहे का हे? तुझ्या सासरी मी खोटं बोलले, शाळेत बोलले, आईशी ती जिवंत असेपर्यंत बोलले. हौस होती का मला? आणि आता तुला दर गुरुवारी खरं बोलायची चटक लागली, तर माझी चाळीस माणसांत शोभा!

पत्र इथेच थांबवलं होतं. दोन दिवसांनी पुन्हा लिहायला घेते आहे. ऐक. त्या दिवशी बायकांकडचं सगळं माझ्या हातात आहे. दारूचे भोपळे मी भरणार, शिंगं मी भरणार. वाइथेरा स्वतःचा घोट घेईल, मग तुझं वेगळं शिंग मी तिच्या हातात देईन, ती ते तुला देईल. त्यात मी बाजरीची आंबील घालीन. काळं शिंग, आत काय आहे कुणाला दिसतंय? तू घोट घे, मुलीचं भलं होवो म्हण, संपलं. तुला प्यावं लागणार नाही आणि मला तोंड लपवावं लागणार नाही. आईची शपथ घेते. आता तरी हो म्हण.

तुझी ताई


तेतू,
२८ मार्च

ताई,

हो. शपथेवर विसंबून हो म्हणते.

तू दोन दिवस थांबून पुन्हा लिहिलंस, ते वाचून बरं वाटलं. मीही जरा जास्तच तोडून लिहिलं होतं. वाइथेराला मात्र काही बोलू नकोस. गुरुवारी शिक्षकांच्या वर्गाला जाते, असं मी तिला सांगितलं आहे. लग्न झालं की माझं मीच सांगेन.

आंबील दाट ठेव. पातळ मला आवडत नाही.

न्याविरा


नाकुरू,
२१ एप्रिल

न्याविरा,

झालं समाधान?

किती छान चाललं होतं. देजाच्या बकऱ्या मोजून झाल्या, न्दिरांगुंनी घासाघीस केली, त्यांच्या बायका फाटकात गात होत्या, आपल्या बायका आतून टोमणे मारत होत्या. वाइथेराने घोट घेतला, लाजली, तुझ्याकडे तुझं शिंग घेऊन आली. आणि तू ते नाकाशी नेऊन परत खाली घेतलंस. मी डोळ्यांनी खुणावते आहे, घे, घे. न्दिरांगु म्हणाले, "वाइथेराची आई, घ्या आता, उन्हात तापायला लागलंय शिंग."

आणि तू काय बोललीस? "मी मुलगी दिली. मनापासून दिली. पण हे मी पिणार नाही. हे प्यायले तर तुमचा भोपळा संपवीन आणि मग बकऱ्यांशी भांडायला जाईन." बायका हसल्या, त्यांना थट्टा वाटली. मग तू म्हणालीस, "मी दारुडी आहे. माझं प्रेशर अगदी ठीक आहे." आणि शिंग दिलंस न्दिरांगुंच्या हातात, आणि त्या माणसाने ते एका दमात रिकामं करून मिशा पुसल्या! त्यांना काय, फुकटचं मिळालं.

मुतुगीची माणसं आपसात बोलायला उठून कोठाराच्या मागे गेली. जेवणाचा मुकिमो गार झाला. मी तिथे उभी, जमीन पोटात घेईल तर बरं. परत आली तेव्हा त्याचे आजोबा म्हणाले, "आईने तोंडाने हो म्हटलं, ते आम्ही ऐकलं. मुलगी आमची. पण शिंग भरणाऱ्याने आधी विचारायचं असतं. न विचारता आजारी माणसाच्या हातात शिंग दिलं, त्याबद्दल या घराला दंड. एक पुष्ट मेंढा." या घराला म्हणाले, आणि बघत होते सगळे माझ्याकडे. परत येताना माझा नवरा गाडीत वेगळ्या बाकावर जाऊन बसला.

गडबडीत भोपळे बदलले गेले. एवढ्या कामात होतं असं. त्यासाठी तू मला चव्हाट्यावर आणलंस.

वारिगिया


तेतू,
२९ एप्रिल

ताई,

भोपळे बदलले नव्हते. आंबिलीचा भोपळा तुझ्या पायाशी होता, त्याचं बूचसुद्धा काढलेलं नव्हतं. शिंग वाइथेराच्या हातात देताना तू माझ्या तोंडाकडे बघत नव्हतीस. माझ्या हाताकडे बघत होतीस.

आईची शपथ घेतली होतीस.

वास आला तेव्हा काय झालं ते तुला सांगते. तोंडाला पाणी सुटलं. तुझा राग त्यानंतर आला. आधी आला तो आनंद. कारण निमित्त किती छान होतं! मुलीचं लग्न, रीत, वर ताईने फसवलेलं. मी प्यायले असते तर उद्या मला कुणी दोष देऊ शकलं नसतं, मी स्वतःसुद्धा नाही. असं निमित्त मला जन्मात पुन्हा मिळणार नाही. तू ते माझ्या हातात आणून दिलंस आणि तुला पत्ताही नव्हता की तू काय देते आहेस. म्हणून मी मोठ्याने बोलले. तुला खोटी पाडायला नाही. मनातल्या मनात नाही म्हटलं असतं तर मी ते प्यायलेच असते.

पाहुणे गेल्यावर वाइथेरा आत आली. "चाळीस परक्यांना सांगितलंस. मला कधी सांगणार होतीस?"

मी म्हटलं, "तुला माहीतच होतं."

"मला माहीत असणं आणि तू सांगणं एक आहे का?"

पिशवी उचलून नैरोबीला निघून गेली. तेव्हापासून ना चिठ्ठी, ना निरोप. तिचं बरोबर आहे आणि तरी मला तिचा राग येतो. तुझा येतो. न्दिरांगुंच्या मिशांचा येतो. त्या गुरुवारी खोलीत मी इतकी ओरडून बोलले की शेजारच्या मधमाशीवाल्यांनी दार लावून घेतलं. आजोबा म्हणाले, "रागाला तोंडातून जाऊ दे पोरी, घशाखाली नको. चहा घे." चहा त्या टायवाल्याने केला होता. बरा करतो.

मला खरं लिही, नाहीतर लिहूच नकोस.

न्याविरा


नाकुरू,
९ मे

न्याविरा,

भोपळे बदलले नव्हते.

भरताना आंबीलच घेतली होती हातात. मग ठेवली खाली. मला बघायचं होतं. तू एक घोट घेशील, शिंग परत देशील, आम्हा बायकांत येऊन बसशील, आमच्यासारखी हसशील. तसं झालं असतं तर तुला काहीच झालेलं नाही, हे ठरलं असतं. मी इतकी वर्षं लोकांना जे सांगत आले ते थोडं तरी खरं झालं असतं. मला माझी बहीण धडधाकट हवी होती. त्या खोलीतली नको होती.

मेंढा पाठवला आहे. पुष्ट बघून पाठवला.

माफ कर असं लिहीत नाही. तू करणार नाहीस. पण आता मी काय करू तेवढं सांग. नवरा विचारतो, आणखी काय काय खोटं बोललीस? मला आठवायला बसावं लागतं.

वारिगिया


तेतू,
२३ मे

ताई,

तुझं पत्र चुलीत घातलं नाही.

माफ केलेलं नाही. तू तसं का केलंस ते कळलं, पण कळल्याने राग जातो असं मला अजून दिसलेलं नाही. रात्री भाकरी खाताना मध्येच आठवतं आणि पुन्हा पेटते.

परवा गुरुवारी खोलीतून बाहेर आले तर बाकावर वाइथेरा. शाळेत जाऊन हेडमास्तरांना विचारून आली होती, त्यांना मी या खोलीचं सांगून ठेवलं होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आत कोण कोण असतं?"

"ते सांगायचं नसतं."

"तू काय बोललीस?"

"ते सांगता येतं. म्हटलं, मुलीवर चिडले आहे."

"मीपण चिडले आहे."

"माहीत आहे मला."

"नाही, तुला माहीत नाही. थांब, मी सांगते."

आणि तिने सांगितलं, ताई. स्टँडवर सुरुवात केली ती तेतूपर्यंत. माटाटूत, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. परीक्षेच्या दिवशी तिने मला बाथरूममधून ओढून बाहेर काढलं होतं. मैत्रिणींना ती घरी का आणत नसे. वडिलांच्या मातीला सगळे रडत होते आणि ती माझ्या पर्सवर लक्ष ठेवून होती. कंडक्टरने गाणं बारीक केलं, त्यालाही ऐकायचं होतं. काही गोष्टी मला आठवतही नव्हत्या. मी एकदाही मध्ये बोलले नाही. मागच्या बाकावरची एक बाई शेवटी तिला म्हणाली, "अगं पोरी, आईशी असं बोलतात का?" तर ही गर्रकन वळून तिच्यावरच उसळली, "तुम्ही मध्ये पडू नका! ती ऐकते आहे."

उतरल्यावर दोघी चालत घरी आलो. जेवली. सकाळी गेली. पुढच्या गुरुवारी येईन असं काही म्हणाली नाही.

काय करू म्हणून विचारतेस. तू पण सांग. माझ्यासाठी खोटं बोलताना तुझं काय काय गेलं, कुणाकुणाशी बोलणं तुटलं, माझी किती शिसारी आली, सगळं लिही. शिव्या घालून लिही. माफीचं नंतर बघू. याआधी तू कधी सांगितलंसही असशील, ताई, पण तेव्हा मी शुद्धीत कुठे होते? आता मला ऐकू येतं.

न्याविरा